महाराज सावंतसिंह ऊर्फ भक्त नागरीदास



वारकऱ्याच्या घरी एखादे वेळी धातूची मूर्ती नसेल, पण भिंतीवर पांडुरंगाची तसबीर नाही असे घर विरळा. सकाळी उठावे, त्या तसबिरीला हात जोडावेत, तुळशीचे पान लावावे आणि मग कामाला लागावे, ही आपली रीत. पण कीर्तनानंतर एखादा चौकस मुलगा विचारतो, बुवा, हा तर कागद आणि वर चार रंग. यात देव कुठं आला? प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर जपून द्यावे लागते. आहे म्हणावे तर कागदालाच देव मानून माणूस तिथेच बसतो. नाही म्हणावे तर भाव मोडतो.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, ज्यावर नाथमहाराजांनी आपल्याला एवढी मोठी टीका करून ठेवली, भगवंताने उद्धवाला प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. पाषाणाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चित्रात रेखाटलेली, वाळूची, मनातली आणि रत्नाची. या यादीत रेखाटलेली म्हणजे लेख्या, आणि मनातली म्हणजे मनोमयी, या दोन्ही शेजारी-शेजारी नसल्या तरी एकाच पंक्तीला बसवल्या आहेत, हे ध्यानात धरावे. शास्त्राने चित्राला नाकारले नाही. पण चित्र पाहता पाहता ते मनात उतरावे आणि मनात उतरल्यावर पायांनी चालू लागावे, ही पुढची वाट साधकाने स्वतः चालायची असते.

ही वाट पुरी चालून गेलेला एक राजा उत्तरेत होऊन गेला. त्याच्या चित्रशाळेत राधाकृष्णाची जी चित्रे निघाली, तशी नाजूक चित्रे भरतखंडात थोडीच असतील. आज जगभर त्या चित्रांचे कौतुक होते. पण ती काढवून घेणारा शेवटी कुठे गेला, हे कौतुक करणाऱ्यांपैकी फार थोडे विचारतात. म्हणून किशनगडचे महाराज सावंतसिंह, ज्यांना व्रजमंडळ नागरीदास या नावाने ओळखते, त्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कुळ आणि उपासना

राजस्थानात अजमेरपासून जयपूरच्या वाटेवर किशनगड लागते. आज ते संगमरवराच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. जोधपूरचे राजे उदयसिंह यांचे पुत्र किशनसिंह यांनी १६०९ साली हे राज्य स्थापिले. राज्य लहानसेच. एका बाजूला जोधपूर, दुसऱ्या बाजूला जयपूर, आणि डोक्यावर दिल्लीची पातशाही. अशा ठिकाणी राजाने तलवार म्यान करून बसायची सोय नसते. याच घराण्यातील रूपसिंह यांनी रूपनगर वसवले आणि श्रीकल्याणरायाची सेवा घराण्यात दृढ केली. १६५८ साली सामूगडच्या रणांगणावर दाराच्या बाजूने लढताना ते पडले. देव आणि रण, दोन्ही या घरात पिढीजात.

घराण्याची दीक्षा श्रीवल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गाची. आपण वारकऱ्यांनी हा संप्रदाय परका मानू नये. त्या संप्रदायात अशी श्रद्धा आहे, की आचार्य तीर्थयात्रा करीत पंढरीस आले तेव्हा श्रीविठ्ठलाने त्यांना गृहस्थाश्रम स्वीकारण्याची आज्ञा केली. पुढे त्यांना पुत्र झाला, त्याचे नाव विठ्ठलनाथ ठेवले. ज्यांनी पुष्टिमार्गाची सेवापद्धती घडवली, तिला गायन, नैवेद्य आणि शृंगार यांचे वैभव दिले, ते हेच गोसावी विठ्ठलनाथ. म्हणजे चंद्रभागेकाठच्या आपल्या देवाचे नाव यमुनाकाठी असे नांदत होते.

आपली आणि त्यांची रीत मात्र निराळी. आपला देव विटेवर उभा, कर कटीवर. भक्ताने बुक्का लावावा, तुळशीची माळ घालावी, एवढ्यावर संतुष्ट. तिकडे देव बाळ आहे, लाडका आहे. त्याला उठवायचे, नटवायचे, जेवू घालायचे, झोपवायचे. ऋतूप्रमाणे वस्त्र, प्रहराप्रमाणे राग. १६६९ साली व्रजातून निघालेले श्रीनाथजी १६७२ साली मेवाडात, आजच्या नाथद्वाऱ्यात, विराजमान झाले, आणि राजस्थानच्या गावोगावी ही सेवा पसरली. जिथे देवाला रोज नटवायचे, तिथे चित्रकाराला काय तोटा! देवाच्या मागचे पडदे रंगू लागले, पोथ्या रंगू लागल्या, आणि ज्याच्याकडे मूर्ती नाही त्याला चित्राची सेवाही मान्य झाली.

राजपुत्र

सावंतसिंहांचा जन्म संवत् १७५६, म्हणजे इ. स. १६९९ मधला. तिकडच्या पंचांगाप्रमाणे पौष कृष्ण १२. आपल्या गणनेने ती मार्गशीर्ष वद्य द्वादशी होते. वडील महाराज राजसिंह. पोर अंगापिंडाने दणकट आणि निधड्या छातीचे. दहा वर्षांचे असताना बिथरलेल्या हत्तीला त्यांनी आवरले, आणि तेराव्या वर्षी बुंदीच्या हाडा जैतसिंहाला रणात मारले, असे त्यांच्या शौर्याविषयी सांगतात. हे मुद्दाम लिहितो. कारण पुढे ज्याने राज्य सोडले, तो भित्रा होता किंवा लढता येत नव्हते म्हणून गोसावी झाला, असे कोणी म्हणू नये. हाती असलेले टाकणे म्हणजे त्याग. नसलेले टाकले असे म्हणणे म्हणजे नुसती बढाई.

घरातले वातावरण मोठे पुण्यवान होते. त्यांच्या सावत्र मातोश्री बांकावतीजी यांनी व्रजदासी या नावाने श्रीमद्भागवत भाषापद्यात आणले. सावत्र भगिनी सुंदरकुंवरी यांनीही भक्तिपर रचना केल्या. राणीवशात भागवत लिहिले जाते आहे, बहीण पदे रचते आहे, आणि थोरला मुलगा कवी होतो आहे, असा तो वाडा! सावंतसिंहांची ग्रंथरचना १७२३ च्या सुमारास सुरू झाली. त्यांनी कवितेत नाव घेतले नागरीदास. नागरी म्हणजे श्रीराधा. राजाने स्वतःला म्हणवून घेतले कोण? राधेचा दास. त्यांच्या लहानमोठ्या रचना सत्तरांहून अधिक आहेत. त्यांत पदप्रसंगमाला नावाची एक रचना आम्हां कीर्तनकारांना विशेष जवळची वाटते. कोणत्या भक्ताने कोणते पद कोणत्या प्रसंगी गाइले, याच्या गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. म्हणजे आपण अभंगामागची कथा रंगवून सांगतो, तेच काम हा राजा लेखणीने करीत होता.

याच काळात इकडे ताहराबादेस आपले महिपतीबुवा भक्तांची चरित्रे ओवीबद्ध करीत होते. त्यांचा भक्तविजय १७६२ साली पुरा झाला. नाभाजींच्या भक्तमाळेचे ऋण दोघांवरही. एक राजा, एक कुलकर्णी. दोघांनी एकमेकांना पाहिले नाही, आणि दोघेही एकाच माळेतले मणी ओवीत बसले होते. महिपतीबुवांनी जहागीरदाराची चाकरी सोडून, लेखणी यापुढे संतांसाठीच झिजेल अशी शपथ घेतली, ही कथा वाचकांस ठाऊक आहेच. राजाची शपथ अजून व्हायची होती.

चित्रशाळा

नागरीदास नुसते कवी नव्हते. त्यांना स्वतःलाही चित्रकलेची जाण होती, आणि भाग्याने त्यांना निहालचंद नावाचा चित्रकार लाभला. राजाने पद रचावे आणि निहालचंदाने ते रंगवावे, असे दोघांचे जुळले. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या पावात आणि त्यापुढे या जोडीच्या हातून जी चित्रे झाली, त्यांनी किशनगडचे नाव अजरामर केले.

हे चित्र म्हणजे मोठी भिंत नव्हे, बरं का. हातात धरून पाहायचा कागद. अनेक कागद एकावर एक चिकटवून जाड पुठ्ठा करायचा, अकीकाच्या दगडाने घोटून तो आरशासारखा गुळगुळीत करायचा. हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, निळीचा निळा, काजळाचा काळा. एकेक रंग खलात दिवस-दिवस खलायचा, गोंदाच्या पाण्यात कालवायचा. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा, इतका बारीक की पापणीचा एकेक केस वेगळा काढता यावा. एक थर द्यायचा, वाळवायचा, उलटा ठेवून पुन्हा घोटायचा, पुन्हा थर. घाई केली की काम बिघडलेच. अशा कामाला बसलेला माणूस आणि माळ ओढीत बसलेला माणूस, यांत फारसे अंतर राहत नाही.

निहालचंदाच्या नौकाविहाराच्या चित्राविषयी थोडे सांगतो. ते दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वर संध्याकाळचे आकाश केशरी झाले आहे. खाली दूरवर पसरलेले पाणी, पलीकडच्या काठावर शुभ्र वाड्यांची रांग. पाण्यावर एक लाल नाव, आणि त्या नावेत सख्यांसह राधाकृष्ण, अगदी चिमुकले. प्रथम पाहताना देव दिसतच नाहीत. पाणी दिसते, आकाश दिसते. मग नजर त्या लाल ठिपक्याकडे ओढली जाते आणि तिथे देव सापडतो. चित्राच्या खालच्या भागात दाट झाडी, आणि त्या कुंजात तेच दोघे पुन्हा भेटतात. एवढ्या विस्तीर्ण सृष्टीत देव एवढासा काढावा आणि तरी सगळी सृष्टी त्याच्यासाठीच आहे असे वाटावे, ही त्या कुंचल्याची करामत.

पण एक गोष्ट चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आली असेल. यमुनेच्या वाळवंटात गाई राखणाऱ्या कान्ह्याच्या पाठीमागे हे संगमरवरी वाडे कुठून आले? ते व्रजातले नव्हेत. किशनगडाला गुंदलाव नावाचे मोठे तळे आहे. तळे, त्याचे काठ, राजवाडे, चौथरे, सगळे राजाच्या डोळ्यांपुढचे. राजाने देवाला आपल्या घरी बोलावले, आपल्या नावेत बसवले, आपल्या वाड्याच्या सावलीत उभे केले. भाव खोटा नव्हता. आपणही पांडुरंगाच्या तसबिरीला घरच्या बागेतली फुले वाहतो. पण अजून देवच राजाच्या गावी येत होता. राजा देवाच्या गावी गेला नव्हता.

राधेचे मुख

आता ज्या गोष्टीची लोकांत फार चर्चा होते तिच्याकडे वळू. निहालचंदाच्या हातचे म्हणून मानले जाणारे एकट्या राधेचे एक चित्र आहे. सुमारे दीड फूट उंचीचे. मुख एका बाजूला वळलेले, कपाळ मागे झुकलेले, भुवई धनुष्यासारखी, डोळा कमळाच्या पाकळीसारखा लांब, नाक सरळ, हनुवटी टोकदार, कानापाशी केसांची एक बट. डोक्यावरून झिरझिरीत ओढणी घेतली आहे, आणि हातात कमळ. १९७३ साली भारताच्या टपाल खात्याने हे चित्र तिकिटावर छापले, तेव्हा ते खेडोपाडी पोचले.

या चित्राला लोक बणीठणी म्हणतात. बणीठणी म्हणजे नटलेली, सजलेली. ही बाई बांकावतीजींच्या पदरी होती, गाणारी होती, स्वतः रसिकबिहारी या नावाने पदे रचीत असे. सावंतसिंहांचे मन तिच्यावर जडले आणि ती त्यांची आयुष्याची सोबतीण झाली. तिचेच मुख पाहून चित्रकाराने राधा काढली, असे सांगतात. पंडितांत याविषयी मतभेद आहेत. कित्येकांचे म्हणणे, की हे मुख एका बाईचे नसून त्या चित्रशाळेने कल्पिलेल्या सौंदर्याचे आहे, कारण तिथल्या कृष्णालाही तसेच डोळे आणि तशीच हनुवटी आहे.

कोणी म्हणेल, मग ही भक्ती कसली? राजाने आपल्या आवडत्या बाईला राधा म्हणून रंगवून घेतले, एवढेच झाले. आक्षेप कडक आहे आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. मनुष्याच्या प्रीतीवर देवाचे नाव चिकटवले की ती भक्ती होत नाही, हे खरेच. असे करणारे दरबार पुष्कळ झाले; राधाकृष्णाचे नाव आणि आत सगळा विलास. पण सोन्याची परीक्षा रंगावरून करीत नाहीत, अग्नीत घालून करतात. रूपाचा लोभ असेल तर रूप ओसरले की लोभ संपतो. ऐश्वर्य गेले की गाणे बंद पडते. नागरीदासांच्या बाबतीत तो अग्नी लवकरच पेटला. त्यांचे पुढचे चरित्र हेच या आक्षेपाचे उत्तर आहे.

भाऊबंदकी

१७४८ साल उजाडले. सावंतसिंह तेव्हा दिल्लीच्या दरबारी होते. इकडे महाराज राजसिंह वारले. दिल्लीतही महंमदशहा जाऊन अहमदशहा तख्तावर आला होता. त्याने सावंतसिंहांना किशनगडचा वारसा मान्य केला. पण परतून पाहतात तो धाकटे बंधू बहादुरसिंह जोधपूरच्या जोरावर गादीवर बसलेले. बापाच्या मृत्यूचे दुःख गिळायच्या आधीच भावाने दार लावून घेतले!

त्या वेळी सावंतसिंहांचे वय पन्नाशीला टेकले होते. वर्षानुवर्षे हिंडणे सुरू झाले. त्यात व्रजात जाणे-राहणे घडले. तीर्थानंद नावाच्या रचनेत त्यांनी तिथल्या यात्रेचे वर्णन केले आहे. देवाची योजना पाहा. गादीवर बसले असते तर व्रज चित्रातच राहिले असते. गादी गेली म्हणून पायाला व्रजाची धूळ लागली.

तरी हक्क सोडला नव्हता. मुलगा सरदारसिंह बरोबर होता. या लढ्यात त्यांनी मराठ्यांचे साह्य घेतले. त्या वर्षांत जयाप्पा शिंदे मारवाडात जोधपूरच्या विजयसिंहाशी झुंजत होते, आणि १७५५ साली नागौरपाशी त्यांचा घात झाला, हे मराठी वाचक जाणतोच. उत्तरेतल्या त्या धामधुमीत अखेर मराठ्यांच्या जोरावर रूपनगरचा वाटा सावंतसिंहांच्या पक्षास मिळाला. किशनगड बहादुरसिंहांकडे राहिले. लहानशा राज्याचे दोन तुकडे झाले.

आता सुखाने बसावे की नाही? जिंकले होते. मुलगा कर्ता होता. निहालचंद हाताशी होता. पण भावाच्या रक्ताला टेकलेल्या गादीवर त्यांचे मन बसेना. ज्या राज्यासाठी भाऊ भावाचा वैरी होतो, त्या राज्याचा त्यांना वीट आला. तुकोबारायांनी दुष्काळानंतर खतपत्रे इंद्रायणीच्या डोहात बुडवली, ती नुकसान झाले म्हणून नव्हे. देण्याघेण्याचा तो सगळा संबंधच नको झाला म्हणून. तसेच येथे झाले.

सीमोल्लंघन

संवत् १८१४, आश्विन शुद्ध दशमी. इ. स. १७५७ चा दसरा. या दिवशी राजे शस्त्रांची पूजा करतात आणि दुसऱ्याचे राज्य घ्यायला सीमा ओलांडतात. सावंतसिंहांनी त्या दिवशी मुलगा सरदारसिंह याला गादीवर बसवले आणि आपले राज्य सोडायला सीमा ओलांडली. सोने लुटण्याच्या दिवशी सोने टाकून निघाले.

आणि निघाले कुठे? वृंदावनास. ते वृंदावन त्या वर्षी कसे होते, हे सांगितल्यावाचून या त्यागाची किंमत कळणार नाही. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात अब्दालीच्या फौजेने मथुरा लुटली, कत्तल केली, आणि पाठोपाठ वृंदावनातही तेच केले. निरपराध बैरागी मारले गेले. गोकुळ तेवढे नागा साधूंनी प्राणपणाने लढून राखले. त्याला सात-आठ महिने होत होते. चित्रातल्या केशरी आकाशाखाली पसरलेले शुभ्र वाडे तिथे नव्हते. होती ती जळकी घरे आणि रडणारी माणसे. सुखाचे ठिकाण हवे असते तर रूपनगर बरे होते. पण देवाचे गाव लुटले गेले म्हणून देव तिथून उठला असे या भक्ताला वाटले नाही. रंगात पाहिलेल्या वृंदावनाची ओढ खोटी असती तर खरे वृंदावन पाहताच ती विरून गेली असती. ती विरली नाही. इथेच आमच्या मते लेख्या प्रतिमा मनोमयी झाल्याची खूण पटते.

वृंदावनातल्या लोकांनी त्यांना कसे घेतले, याची गोष्ट त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवली आहे. एक राजा आला आहे असे ऐकून तिथले विरक्त साधू उदास होऊन दूरच उभे राहिले. राजांचा अनुभव त्यांना काय चांगला असणार! पण हा नागरीदास, असे कळताच तेच साधू भरल्या डोळ्यांनी धावत आले आणि कडकडून भेटले. त्यांची पदे त्यांच्या आधीच तिथे पोचली होती. सावंतसिंह हे नाव घेऊन जो आला त्याला दार बंद, आणि दास हे नाव घेऊन जो आला त्याला मिठी. वाचकहो, आपल्या पंढरीच्या वाटेवर तरी दुसरे काय आहे? दिंडीत शिरताना गावचा पाटील आपली पाटीलकी गावातच ठेवून येतो. इथे ज्याला त्याला माउली म्हणून हाक, आणि ज्याच्या त्याच्या पायावर डोके.

दुसरी गोष्ट यमुनेची. एकदा नागरीदास पैलतीरावर अडकले. समोर वृंदावन, मध्ये यमुना, आणि पार करायला नाव नाही. दुसरा असता तर सकाळपर्यंत थांबला असता. यांना तो विरह सोसवेना. त्यांनी सरळ पाण्यात उडी घेतली आणि पोहत वृंदावन गाठले.

ही गोष्ट वाचताना आम्हांला निहालचंदाची ती लाल नाव आठवल्यावाचून राहत नाही. चित्रात नाव होती, वल्हेकरी होते, सख्या होत्या, निवांत पाणी होते. पाहणारा राजा काठावर गादीवर बसलेला. आता नाव नाही, वल्हे नाही, गादी नाही. आहे तो काळोख, थंड पाणी आणि पलीकडचा देव. चित्र पाहून जे मनात भरले होते, त्यानेच त्या पाण्यात उडी घ्यायला लावली. चित्राचे काम तिथे पुरे झाले.

बणीठणीजीही त्यांच्याबरोबर वृंदावनात आली. नाव नटलेली, आणि राहायचे विरक्तांच्या कुंजात. रूपाचा बाजार मांडणारी असती तर राजा गेल्यावर राजवाड्यात राहिली असती. ती राहिली नाही. दोघांनी तिथे भजनात दिवस घालवले, पदे रचली. १७६४ साली नागरीदासांनी वृंदावनातच देह ठेवला. पुढच्याच वर्षी, १७६५ साली, तीही गेली. वृंदावनात नागरीकुंजात त्यांची समाधी आहे. ज्या राज्याची वाटणी झाली होती, ती वाटणीही पुढे टिकली नाही; दोन्ही तुकडे पुन्हा एकत्र झाले. भांडण फुकट गेले आणि भजन तेवढे उरले.

चित्रे आणि आपण

नागरीदासांची पदे व्रजात गाइली जात राहिली, पण चित्रे मात्र किशनगडच्या दरबारी संग्रहात बासनात पडून होती. १९४३ साली लाहोरच्या सरकारी कॉलेजातले इंग्रजीचे अध्यापक एरिक डिकिन्सन यांच्या दृष्टीस ती पडली आणि त्यांनी जाणकारांचे लक्ष तिकडे वेधले. १९५९ साली ललित कला अकादमीने डिकिन्सन आणि कार्ल खंडालावाला यांचा किशनगडच्या चित्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून ती नाजूक हनुवटी आणि तो कमळडोळा जगाला ठाऊक झाला. आता तर त्याच्या नकला साड्यांवर, डब्यांवर, भिंतींवर सर्रास दिसतात.

नकला निघाल्या याचे आम्हांला वाईट वाटत नाही. आपल्या पांडुरंगाचेही तसेच आहे. कॅलेंडरावर आहे, उदबत्तीच्या पुड्यावर आहे, लग्नपत्रिकेवर आहे. कुणाच्या दृष्टीला कुठला कागद देव दाखवील, हे आपण कोण ठरवणार? पण ज्याने हा सगळा रंग पदरचे द्रव्य खर्चून काढवून घेतला, तो त्या रंगांपाशी थांबला नाही, एवढे विसरू नये. किशनगडचे तळे, वाडे, नाव, राधेचे ते मुख, सगळे त्याच्या मालकीचे होते. मालकी सोडली तेव्हा तो दास झाला. घेतलेले नाव वागण्यात उतरायला चौतीस वर्षे लागली; १७२३ च्या सुमारास कवितेत दास झाला, आणि १७५७ च्या दसऱ्याला जगण्यात झाला. आपल्यालाही वेळ लागतो. माळ घातली त्या दिवशीच कोणी वारकरी होऊन जात नाही.

तेव्हा त्या चौकस मुलाला आमचे उत्तर असे. बाळ, कागदात देव आहे की नाही, हे कागदाकडे पाहून ठरत नाही, पाहणाऱ्याच्या पायांकडे पाहून ठरते. तसबीर पाहून जो जागचा हलला नाही, त्याच्यापुरता तो कागदच राहिला. आणि तसबीर पाहून ज्याचे पाऊल आषाढीला पंढरीकडे पडले, शेजारच्या उपाशी माणसाकडे पडले, रुसलेल्या भावाच्या दाराकडे पडले, त्याच्यापुरते त्या कागदाने देवाचे काम केले. घरची तसबीर उद्या सकाळी पुसून, तुळशीचे पान लावून, हात जोडताना एवढे स्मरण असावे.

॥ श्रीपांडुरंगार्पणमस्तु ॥